‘स्वस्त’ ते ‘स्वतंत्र’: रेडमधल्या एका अक्षराचा इतिहास

सुरुवात एका भागाकारानं करू. 30,000 भागिले 100. उत्तर 300.

हा भागाकार 1988 च्या जूनमध्ये शिकागोला सिग्मॉड या डेटाबेसवाल्यांच्या परिषदेत मांडला गेला. मांडणारे तिघं होते, कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली इथले: डेव्हिड पॅटरसन आणि रँडी कॅट्झ हे दोन प्राध्यापक, आणि गार्थ गिब्सन हा त्यांचा विद्यार्थी. गिब्सन हे नाव लक्षात ठेवा, ते पुढे परत येणार आहे. भागाकाराचा अर्थ असा: एक डिस्क बिघडेपर्यंत सरासरी 30,000 तास चालते, म्हणजे साधारण साडेतीन वर्षं. अशा 100 डिस्क एकत्र बांधल्या, तर त्यांतली कुठली तरी एक सरासरी 300 तासांत जाणार. साडेबारा दिवस! आणि सगळा डेटा त्या शंभरांवर पसरलेला असेल, तर एक गेली की सगळंच गेलं.

मग कुणी शहाणा माणूस शंभर डिस्क एकत्र बांधेलच कशाला? ते समजायला जरा मागं जावं लागेल.

पहिली व्यापारी हार्ड डिस्क 1956 ची, आयबीएमची. रॅमॅक नावाच्या संगणकाबरोबर ती यायची. 24 इंच व्यासाच्या 50 तबकड्या एकावर एक, आणि सगळ्या मिळून 50 लाख अक्षरं. आज फोनवर काढलेला एक फोटो तिच्यात जेमतेम मावला असता. त्यानंतरची तीस वर्षं डिस्क वाढल्या त्या याच वाटेनं: एक मोठं, महाग, जपून ठेवलेलं यंत्र. बर्कलीच्या लोकांनी त्याला थट्टेनं नाव दिलं ‘स्लेड’, म्हणजे एकच मोठी महागडी डिस्क.

अडचण वेगाची होती. प्रोसेसर दर दोन-तीन वर्षांनी दुप्पट वेगवान होत होते, मेमरी वाढत होती, पण डिस्कमधला तो हात तर लोखंडाचाच. तो हलायला वेळ लागतोच. 1971 ते 1981 या दहा वर्षांत आयबीएमच्या वरच्या श्रेणीच्या डिस्कचा हात हलवण्याचा वेळ फक्त निम्मा झाला. दहा वर्षांत निम्मा! स्वयंपाकी चार झाले आणि चूल एकच राहिली, तशी अवस्था.

त्याच सुमारास घरगुती संगणकांसाठी छोट्या डिस्क बाजारात आल्या होत्या. त्या निबंधातला तुलनेचा तक्ता आजही वाचण्यासारखा आहे. एका बाजूला आयबीएम 3380: 7,500 मेगाबाइट, 24 घनफूट जागा, 6,600 वॅट वीज. दुसऱ्या बाजूला कॉनर कंपनीची साडेतीन इंची डिस्क: 100 मेगाबाइट, 10 वॅट. आता 75 कॉनर घ्या. तेवढीच साठवण, वीज 750 वॅट, जागा जेमतेम सव्वादोन घनफूट. आणि मुख्य म्हणजे 75 हात एकाच वेळी वेगवेगळ्या ठिकाणी हलणार. वेगाचा प्रश्न सुटला. उरला तो फक्त सुरुवातीचा भागाकार.

त्यावरचा उपाय जुना आहे. आपल्या वाण्याच्या उधारीच्या वहीत असतो तोच. दहा आकडे आणि खाली बेरीज. त्यातल्या एका आकड्यावर चहा सांडला, पुसला गेला. काय बिघडलं? उरलेले नऊ बेरजेतून वजा करा, पुसलेला आकडा समोर. डिस्कमध्ये बेरजेऐवजी पॅरिटी ठेवतात: सगळ्या डिस्कवरच्या त्या जागेवरचे 1 मोजायचे, संख्या विषम असेल तर 1 लिहायचा, सम असेल तर 0. बेरीज केली तर हातचा येतो, आकडा लांबतो. इथे हातचा नाही, जागा नेमकी तेवढीच लागते. दहा डिस्कला अकरावी पॅरिटीची. कुठलीही एक जाऊ द्या, उरलेल्या दहांवरून ती पुन्हा लिहून काढता येते.

कल्पना तिघांची एकट्यांची नव्हती, हे सांगायला हवं. आयबीएममधल्या केन ओउची यांना बिघडलेल्या साठवणीतला डेटा परत मिळवण्याच्या पद्धतीवर 1978 मध्येच पेटंट मिळालं होतं, आणि टँडेम कंपनीची यंत्रं सत्तरीच्या दशकापासून एका डिस्कची जुळी डिस्क बाळगत होती. बर्कलीनं दिलं ते नाव, वर्गवारी आणि हिशेब. रेड 1 म्हणजे जुळी प्रत. रेड 5 म्हणजे पॅरिटी सगळ्या डिस्कवर वाटून दिलेली. 2, 3, 4 हे मधले टप्पे, त्यांतलं क्वचितच काही आज दिसतं, म्हणून सोडून देतो.

हिशेब मात्र बघायचाच आहे. शंभर डिस्कचे दहा गट, प्रत्येक गटाला एक पॅरिटीची डिस्क, अशा एकूण 110. डेटा केव्हा जाईल? एक डिस्क गेली आणि ती बदलून नवी भरेपर्यंत त्याच गटातली दुसरी गेली, तरच. उत्तर येतं 8 लाख 20 हजार तास. नव्वद वर्षांहून जास्त! साडेबारा दिवसांवरून नव्वद वर्षांवर, ते सुद्धा फक्त दहा टक्के जादा डिस्क घेऊन. त्या निबंधानं साठवणीचा सगळा धंदा का बदलला, याचं कारण या दोन आकड्यांत आहे.

या गणिताला दोन टेकू आहेत. एक: बिघडलेली डिस्क बदलून भरायला एक तास लागतो, असं धरलंय. दोन: डिस्क एकमेकींपासून स्वतंत्रपणे मरतात. एकीच्या मरणाचा दुसरीच्या मरणाशी संबंध नाही. लेखकांनी हे लपवलेलं नाही, उलट स्पष्ट लिहिलंय की डिस्क बनवणारेही आयुष्याचा आकडा काढताना हेच गृहीत धरतात.

आता नावाची गंमत. ‘रेड’मधलं ‘आय’ हे अक्षर मूळ निबंधात ‘इनएक्स्पेन्सिव्ह’चं, म्हणजे स्वस्तचं. पुढे कंपन्या हेच ताफे भरभक्कम किमतीला विकू लागल्या. लाखो डॉलर मोजणाऱ्या गिऱ्हाइकाला ‘स्वस्त डिस्कचा ताफा’ म्हणून कसं विकणार? तेव्हा ‘आय’ झाला ‘इंडिपेंडंट’चा. स्वतंत्र. स्वस्त हा शब्द निदान खरा होता. स्वतंत्र हे तर गृहीतक होतं, आणि पुढची तीस वर्षं त्या गृहीतकाचीच परीक्षा चालली.

पहिली शंका खुद्द बर्कलीतच आली. 1989 मध्ये त्याच गटानं ‘रेड किती विश्वासार्ह?’ अशा अर्थाच्या शीर्षकाचा निबंध लिहिला. डिस्क स्वतंत्र असतील हो, पण त्यांचा वीजपुरवठा एक आहे, पंखा एक आहे, केबल एक आहे. एका केबलवर सात डिस्क असतील आणि केबल गेली, तर सातही एकदम गेल्या. मग सुचवलं की गट आडवे बांधा: एका केबलवरच्या डिस्क वेगवेगळ्या गटांत टाका, म्हणजे केबल गेली तर प्रत्येक गटातली एकच जाईल. डिस्कची पेटी जुळवणारा जाणता माणूस आजही हेच करतो. त्याच सुमारास त्यांनी पहिलं प्रात्यक्षिक यंत्रही उभारलं: एक सन वर्कस्टेशन, सवापाच इंची 28 डिस्क, आणि त्यावर पट्ट्या पाडण्याचं काम करणारं सॉफ्टवेअर. महागडं खास कार्ड न घेता साध्या सर्व्हरवर सॉफ्टवेअरनं ताफा चालवायचा, हा युनिक्सवाल्यांचा बाणा तेव्हापासूनचा.

गिब्सन पुढे कार्नेगी मेलन विद्यापीठात गेले. तिथल्या त्यांच्या प्रयोगशाळेतून ‘रेडफ्रेम’ नावाची प्रणाली निघाली, आणि ती 1998 च्या सुमारास नेटबीएसडीत आली. लिनक्समध्ये ‘एमडी’ हा ड्रायव्हर नव्वदीच्या दशकात आला, आणि 2001 मध्ये नील ब्राउन यांनी त्याला चालवणारं ‘एमडीअ‍ॅडम’ हे साधन लिहिलं. इथे बसलेल्यांपैकी ज्यांनी सर्व्हर सांभाळलेत त्यांना ‘एमडीस्टॅट’ फाइल डोळ्यांपुढे दिसत असेल. चौकटी कंसात प्रत्येक जिवंत डिस्कसाठी एक ‘यू’ हे अक्षर. एक डिस्क गेली की त्या जागी अक्षर जाऊन खाली नुसती एक आडवी रेघ. सकाळी लॉगिन केल्यावर ती रेघ दिसली की चहा तसाच राहतो.

त्यानंतरचा क्रम पाठ असतो: गेलेल्या डिस्कला बिघडलेली म्हणून जाहीर करा, ताफ्यातून काढा, नवी बसवा, भरू द्या. लिहायला चार शब्द. पण ‘ती’ डिस्क नेमकी कुठली? यंत्र पुन्हा सुरू झालं की ‘एसडीए’, ‘एसडीबी’ ही नावं बदलू शकतात. काढायची होती ‘बी’, आणि हातानं बाहेर ओढली धडधाकट ‘सी’. रेड 5 मध्ये एक आधीच गेलेली, दुसरी आपण उपटली. हे ठिकठिकाणी झालेलं आहे, आणि म्हणूनच अनुभवी लोक प्रत्येक खाचेवर डिस्कच्या अनुक्रमांकाची चिठ्ठी चिकटवतात. त्या चिठ्ठीनं जेवढा डेटा वाचवला असेल तेवढा कुठल्याही कार्डानं वाचवला नसेल, असं माझं मत आहे.

आणि ‘गेली’ म्हणजे तरी काय? घरगुती डिस्कला एखादा भाग वाचता आला नाही तर ती पुन्हापुन्हा प्रयत्न करत राहते, कधी मिनिटभराहून जास्त. लिनक्स साधारणपणे 30 सेकंद वाट बघतं आणि ठरवतं की ही उत्तर देत नाही. डिस्क ताफ्याबाहेर. ती बिचारी जिवंत असते, एकाच ओळीवर अडखळलेली. ताफ्यासाठी म्हणून विकल्या जाणाऱ्या डिस्क काही सेकंदांतच ‘नाही वाचता आलं’ असं सांगून मोकळ्या होतात. मग लिनक्स पॅरिटीवरून तो भाग काढून घेतं आणि पुढे जातं.

आता 2007 कडे येऊ. त्या वर्षी फेब्रुवारीत फास्ट या परिषदेत दोन निबंध आले आणि दोघांनी मिळून बराच धुरळा उडवला.

पहिला गूगलमधल्या पिन्हेरो, वेबर आणि बारोसो यांचा, लाखाहून जास्त डिस्कवरचा. प्रत्येक डिस्कमध्ये ‘स्मार्ट’ नावाची स्वतःची तब्येत नोंदवणारी यंत्रणा असते. ती मरणाची आगाऊ सूचना देते का? थोडीफार देते. तपासणीत पहिला वाचनदोष सापडलेली डिस्क पुढच्या 60 दिवसांत जाण्याची शक्यता, तसा दोष न सापडलेल्या डिस्कच्या 39 पट निघाली. पण बिघडलेल्या डिस्कपैकी 36 टक्क्यांहून जास्त डिस्कनी, तापमान सोडलं तर, कुठलीच खूण दाखवली नव्हती. काल ठणठणीत, आज गेली. तापमानाचा आणि बिघाडाचा संबंधही वाटला होता तितका घट्ट निघाला नाही, हे ऐकून सर्व्हर रूमच्या एसीचं बिल भरणाऱ्यांना काय वाटलं असेल ते असो.

दुसरा निबंध कार्नेगी मेलनचा: बियांका श्रोडर आणि, होय, गार्थ गिब्सन. ज्या विद्यार्थ्यानं 1988 मध्ये ते सूत्र मांडलं, तोच एकोणीस वर्षांनी त्या सूत्राच्या पायाखालची माती तपासत होता. त्यांच्याकडेही सुमारे एक लाख डिस्कच्या नोंदी होत्या. कंपन्यांच्या कागदावर आयुष्य 10 ते 15 लाख तास, म्हणजे वर्षाला फार तर 0.88 टक्के डिस्क बदलाव्या लागायला हव्यात. प्रत्यक्षात 2 ते 4 टक्के ही सर्रास गोष्ट, आणि काही ठिकाणी 13 टक्क्यांपर्यंत. महागड्या डिस्क आणि स्वस्त डिस्क यांच्यातही ठळक फरक दिसला नाही.

माझ्या मते यातला सर्वांत महत्त्वाचा निष्कर्ष वेगळाच आहे, आणि त्याची चर्चा मात्र कमी होते. त्यांनी दोन बिघाडांमधलं अंतर मोजलं. स्वतंत्र मरणांत जसं वाटप यायला हवं तसं ते येत नव्हतं. बिघाड घोळक्यानं येत होते. या आठवड्यात जास्त गेल्या असतील, तर पुढच्या आठवड्यातही जास्त जाण्याची शक्यता. म्हणजे ज्या काळात ताफा एका डिस्कवाचून लंगडत असतो, त्याच काळात दुसरी जाण्याचा धोका सूत्रात धरला होता त्याहून मोठा.

कारणं कल्पनेबाहेरची नाहीत. ताफ्यातल्या डिस्क एकाच दिवशी, एकाच खोक्यातून, एकाच कारखान्याच्या एकाच खेपेतून येतात. एकाच कपाटात, एकाच उष्णतेत, सारखंच काम करतात. जुळी भावंडं एकाच घरात वाढवायची आणि म्हणायचं, यांच्या दुखण्यांचा एकमेकांशी संबंध नाही!

दुसऱ्या टेकूचं हे झालं. पहिल्याचं, एका तासाचं, काय झालं? 1988 च्या कॉनर डिस्कमध्ये 100 मेगाबाइट आणि वेग सेकंदाला एक मेगाबाइट. अख्खी डिस्क 100 सेकंदांत भरून व्हायची, तेव्हा तासाचा अंदाज सढळच होता. आजची डिस्क 20 टेराबाइटची, वेग सेकंदाला 200 मेगाबाइट धरू. साठवण दोन लाख पटींनी वाढली, वेग दोनशे पटींनी. भरायला लागतात एक लाख सेकंद, म्हणजे जवळजवळ 28 तास, आणि तेही सर्व्हरला दुसरं काही काम नसेल तर. लोक वापरत असतील तर कित्येक दिवस. त्या सगळ्या वेळात उरलेल्या म्हाताऱ्या डिस्क पहिल्या बाइटपासून शेवटच्या बाइटपर्यंत वाचल्या जातात. वर्षानुवर्षं न चाळलेल्या पानावरचा डाग नेमका तेव्हाच सापडतो.

कंपन्यांच्या कागदावर घरगुती डिस्कसाठी लिहिलेलं असतं: दर 10 च्या 14 व्या घाताइतक्या बिट वाचनामागे फार तर एक न वाचता येणारा भाग. ऐकायला प्रचंड वाटतं, पण ते होतात साडेबारा टेराबाइट. दोन-दोन टेराबाइटच्या आठ डिस्कचं रेड 5 असेल तर एक डिस्क भरताना उरलेल्या सातांवरून 14 टेराबाइट वाचावे लागतात. प्रत्यक्ष डिस्क बहुधा या हमीपेक्षा बरी वागते, पण हमीच्या भरवशावर रात्रीची झोप यावी असा हा हिशेब नाही. म्हणून रेड 6 आलं, दोन पॅरिटी असलेलं. ताफ्याचं आगाऊ वाचनही आलं: काही बिघडलेलं नसताना सगळ्या डिस्क मुद्दाम वाचून डाग शोधायचे. डेबियनमध्ये कित्येक वर्षं हे काम महिन्याच्या पहिल्या रविवारी, शनिवारच्या मध्यरात्रीनंतर 57 मिनिटांनी आपोआप सुरू व्हायचं. रविवारी सकाळी सर्व्हर मंद का झाला म्हणून घाबरलेले नवशिके मी बरेच पाहिलेत.

आणखी एक प्रकार आहे, जास्त कपटी. डिस्क म्हणते ‘वाचलं’, आणि देते चुकीचं. 2008 मध्ये 15 लाखांहून जास्त डिस्कचा 41 महिन्यांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात अशा न जुळणाऱ्या नोंदी चार लाखांवर निघाल्या. पॅरिटी इथे एकटी अपुरी पडते, कारण बेरीज चुकली एवढंच ती सांगते, कुठला आकडा खोटा हे सांगत नाही. सन कंपनीत जेफ बॉनविक आणि मॅथ्यू अ‍ॅरन्स यांनी 2001 मध्ये झेडएफएसचं काम सुरू केलं ते यासाठीही. 2005 मध्ये ते सोलारिसमध्ये आलं. प्रत्येक ठोकळ्याची खूण त्याच्यापासून वेगळी, वरच्या ठोकळ्यात लिहायची. वाचताना खूण जुळली नाही की दुसरी प्रत किंवा पॅरिटी घेऊन खरा मजकूर काढायचा आणि खोटा दुरुस्त करायचा. डिस्कचा शब्द प्रमाण मानायचा नाही, हा झेडएफएसचा खरा बदल.

मग एसएसडी आल्या. हात नाही, तबकडी नाही, झिजण्याचं यांत्रिक कारण नाही. वाटलं, आता तरी स्वातंत्र्य मिळालं. नोव्हेंबर 2019 मध्ये ह्युलेट पॅकर्ड एंटरप्राइझनं गिऱ्हाइकांना तातडीची सूचना पाठवली: आमच्या काही एसएसडी 32,768 तास चालल्यावर बंद पडतील. संगणकवाल्यांना हा आकडा लगेच ओळखू येतो, दोनाचा पंधरावा घात. 3 वर्षं, 270 दिवस आणि 8 तास. बंद पडल्यावर डिस्कही परत मिळणार नाही आणि डेटाही नाही, आणि एकाच वेळी बसवलेल्या डिस्क जवळजवळ एकाच वेळी जातील, असं त्या सूचनेतच लिहिलं होतं. मार्च 2020 मध्ये दुसरी सूचना आली, दुसऱ्या काही एसएसडींसाठी, यावेळी 40,000 तासांची. रेड 1 असो, 5 असो, 6 असो, उपाय एकच होता: मुदत भरायच्या आत डिस्कमधलं फर्मवेअर बदलणं.

दोन प्रश्न आलेत चिठ्ठीवर, ते घेतो.

‘घरी चार डिस्कचा सर्व्हर आहे. रेड 5 की 6?’ चार मोठ्या डिस्क असतील तर मी 5 घेणार नाही. रेड 6, किंवा दोन जुळ्या जोड्या. आणि चारही एका दुकानातून एकाच दिवशी घेऊ नका. दोन आज, दोन महिन्याभरानं, जमलं तर दुसऱ्या कंपनीच्या. दर महिन्याचं वाचन चालू ठेवा, आणि बिघाडाची मेल खरोखर तुमच्यापर्यंत येते का हे एकदा मुद्दाम एक डिस्क काढून बघा.

‘रेड असताना बॅकअप लागतो का?’ चुकून फाइल पुसलीत तर जुळ्या डिस्कवरूनही ती त्याच क्षणी पुसली जाते. 31 जानेवारी 2017 ला गिटलॅबमध्ये एका इंजिनिअरनं चुकीच्या सर्व्हरवरची डेटाबेसची फोल्डर पुसली, सुमारे 300 गिगाबाइट. डिस्क सगळ्या ठणठणीत होत्या. बॅकअप आणि प्रतींच्या पाच वेगवेगळ्या पद्धती होत्या. त्यांतली एकही धड चालत नव्हती, हे त्यांनी स्वतःच जाहीर केलं. शेवटी कामी आला तो सहा तासांपूर्वीचा एक स्नॅपशॉट, आणि तो कुणीतरी चाचणीच्या सर्व्हरसाठी, दुसऱ्याच कामाला म्हणून, हातानं घेतलेला होता.